सॅव्हेज रायफलचा जाम झालेला बॅरल नट सोडवायचा कसा

सॅव्हेज ११० ही बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निकोलस ब्रूअर यांच्या आराखड्यावरून १९५८ साली अमेरिकेत बाजारात आली. तिची खासियत म्हणजे बॅरल (नळी) आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा) यांच्यामध्ये बसणारा नट. बॅरल आट्यांवर आत-बाहेर फिरवून हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून बॅरलमध्ये काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर) जुळवायचा आणि मग नट आवळून ते जागच्या जागी अडकवायचं, अशी ही रचना आहे. लेथवर बॅरलचा खांदा, म्हणजे रिसीव्हरला टेकणारी कड, कातत बसावं लागत नाही, म्हणून कारखान्याचं काम स्वस्तात होतं आणि हौशी माणसालाही घरच्या बाकावर बॅरल बदलता येतं.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात कारखान्यातून आलेला पहिला नट बऱ्याचदा हलतच नाही. मग पाना घसरतो, नटाच्या खाचा सोलवटतात, बॅरलवर ओरखडे येतात आणि शेवटी पान्याला लांब पाइप लावून रिसीव्हरच पिळला जातो. हा मजकूर त्याच नटासाठी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, शिकार किंवा लांब पल्ल्याची नेमबाजी नुकती सुरू केलेल्या मराठी मंडळींना समोर ठेवून लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: दहापैकी आठ वेळा अडचण ताकदीची नसते, पकडीची असते. त्यामुळे पकडीवर इथे जरा जास्तच लिहिलं आहे.

## १. आधी कायदा

अमेरिकेत १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे 'शस्त्र' म्हणजे रिसीव्हर. बॅरल हा नुसता सुटा भाग, त्यामुळे स्वतःच्या रायफलचं बॅरल स्वतः बदलायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. राज्याचे नियम मात्र वेगळे असतात, ते बघून घ्या.

आपल्या लोकांचा पाय अडकतो तो व्हिसावर. एच-१बी, एफ-१ असा बिगर-स्थलांतरित व्हिसा असेल, तर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्याने बंदी आहे. या बंदीला काही ठरावीक अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. त्याची मुदत संपली की अपवादही संपला. मित्राची रायफल 'फक्त दुरुस्तीला' घरी आणली, तरी ती तुमच्या ताब्यातच धरली जाते. ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांना ही व्हिसाची अट लागू नाही.

जवळ असावं: ग्रीनकार्ड किंवा पासपोर्ट, व्हिसावर असाल तर शिकार परवाना, रायफल विकत घेतल्याची पावती. नवीन बॅरल १६ इंचांपेक्षा आणि जोडलेली रायफल २६ इंचांपेक्षा आखूड होता कामा नये. त्याखाली गेलात तर वेगळी नोंदणी लागते, आणि ती न करणं हा गंभीर गुन्हा आहे.

भारतात यातलं काहीही घरी करू नका. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदुकीची दुरुस्ती करायलासुद्धा परवाना लागतो, आणि शस्त्र बाळगायचा तुमचा परवाना त्यासाठी चालत नाही. महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या परवानाधारकाने रायफल सरळ परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्यावी.

## २. तुमच्या रायफलला नट आहे का?

सॅव्हेज आणि तिच्याच घरातली स्टीव्हन्स २०० यांना नट असतो. मार्लिन एक्स७, रेमिंग्टन ७८३, रुगर अमेरिकन आणि मॉसबर्ग पेट्रियट यांनाही असतो. रेमिंग्टन ७००, विंचेस्टर ७०, टिक्का टी३ आणि होवा १५०० यांना नसतो. त्यांचं बॅरल स्वतःच्या खांद्यानेच रिसीव्हरला टेकतं. रेमिंग्टन ७००मध्ये बॅरल आणि रिसीव्हर यांच्यामध्ये एक कडी दिसते खरी, पण ती रिकॉइल लग आहे, म्हणजे गोळीचा मागचा धक्का स्टॉकला देणारी पट्टी (सॅव्हेजमध्येही ती असते, नट आणि रिसीव्हर यांच्यामध्ये). तिला पाना लावून पिळलीत तर लग वाकेल आणि हाती काहीच लागणार नाही.

सॅव्हेजचे नट दोन तऱ्हांचे. एकावर चहूबाजूंनी लांबट उभ्या खाचा असतात, आणि पान्याचे दात त्या खाचांत बसतात. दुसरा गुळगुळीत असतो, दिसायला देखणा आणि सोडवायला डोकेदुखी. त्याला आवळून धरणारा फाटीचा पाना लागतो. गुळगुळीत नट असेल, तर खाचांचा नवा नट आधीच मागवून ठेवा आणि जुना वाया गेला तरी चालेल अशी मनाची तयारी करा. बॅरलच्या मानाने नटाची किंमत किरकोळ असते.

नवा नट घेताना आट्यांचं माप बघा. नेहमीच्या सॅव्हेजला १-१/१६ इंच व्यासाचे, इंचाला २० आटे असतात. डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) यांसारख्या जाड्या मॅग्नम काडतुसांच्या रायफलींना १-१/८ इंच, आटे तेवढेच. एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही.

## ३. लागणारं सामान

- तुमच्या नटाला बसणारा पाना, खाचांचा किंवा फाटीचा
- बॅरल व्हाइस, आणि तुमच्या बॅरलच्या जाडीचे लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे
- अ‍ॅक्शन पाना, म्हणजे रिसीव्हर बाहेरून धरणारा
- जमिनीला किंवा भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलेलं जड बाक
- राळेची पूड, अ‍ॅसिटोन, चिंध्या
- भिनणारं तेल: क्रॉइल, पीबी ब्लास्टर किंवा लिक्विड रेंच
- पितळी हातोडी आणि साधारण दोन पौंडांचा हातोडा
- हीट गन आणि तापमान दाखवणारा खडू
- पितळी ब्रश, अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण), टॉर्क पाना (किती जोर लागतो ते दाखवणारा)
- तुमच्या काडतुसाचे गो आणि नो-गो गेज (हेडस्पेस तपासायची काडतुसाच्या आकाराची मापं)
- पांढऱ्या रंगाचा मार्कर, डोळ्यांना चष्मा

नेहमीचं निळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० या यादीत मुद्दाम नाही. पाणी हटवायला ते ठीक आहे, पण आवळलेल्या आट्यांत भिनायचं काम वर दिलेली तेलं बरीच चांगली करतात.

बाकाचं महत्त्व पाना हातात घेतल्यावर कळतं. पाना ओढल्यावर बाक सरकत असेल, तर तुमची निम्मी ताकद फरशीवरच खर्च झाली. भाड्याच्या घरात फरशीला भोकं पाडता येत नसतील, तर ज्याच्या गॅरेजमध्ये पक्कं बाक आहे अशा माणसाला गाठा. बाकाला नट-बोल्टने घट्ट बांधलेलं बॅरल व्हाइस आणि बाकावर उभी राहिलेली दोन माणसं हाही तात्पुरता इलाज आहे, पण तो साधा आवळलेला नट असेल तरच.

## ४. रायफल मोकळी करा

मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून दुसऱ्या टेबलावर ठेवा. काडतुसं त्या खोलीतच नकोत.

बोल्ट काढण्यामागे सुरक्षिततेखेरीज आणखी एक कारण आहे. कधी कधी नट न सुटता रिसीव्हर नटाबरोबर फिरतो, आणि मग बॅरल उलट आणखी आत जातं. बोल्ट आतच असेल, तर बॅरलचं मागचं तोंड त्याच्या टोकावर आदळतं.

स्टॉक, दुर्बीण, तिचे माउंट आणि ट्रिगर काढा. मझल ब्रेक (बॅरलच्या तोंडावरचा धक्का कमी करणारा भाग) किंवा पुढची माशी असेल तर तीही काढा, कारण बंद कडीचा पाना बॅरलच्या तोंडाकडून ओवावा लागतो. ऐन वेळी हे लक्षात आलं, तर व्हाइसमध्ये जुळवलेलं सगळं पुन्हा सोडावं लागतं.

आता मार्करने एक सरळ रेघ ओढा: बॅरलवरून सुरू होऊन नटावरून रिसीव्हरपर्यंत जाणारी. ही रेघ विसरू नका. पुढे काहीतरी हललं की नेमकं काय हललं, ते हीच सांगते.

## ५. पकड

बॅरल व्हाइस नटाच्या जितकं जवळ लावता येईल तितकं लावा. मध्ये फक्त पाना फिरण्यापुरती जागा ठेवा, एक-दोन इंच पुरतात. व्हाइस बॅरलच्या मध्यावर लावलं, तर मधला पोलादी दांडा पिळाच्या स्प्रिंगसारखा वागतो आणि हातोड्याचा प्रत्येक ठोका स्वतःच खाऊन टाकतो.

बॅरलची ती जागा अ‍ॅसिटोनने पुसून कोरडी करा. तेलाचा पुसटसा थर राहिला, तरी ठोकळा सरकतो. मग ठोकळ्यांच्या आतल्या बाजूला राळेची बारीक पूड भुरभुरा. व्हायोलिनवाल्यांकडची राळ चालते, खेळाच्या दुकानातल्या पिशवीतलीही चालते. लाकडी ठोकळा असेल, तर त्याला बॅरलच्या नेमक्या जाडीचं भोक हवं. बॅरल पुढे निमुळतं होत जातं, म्हणून सरळ भोकाचा ठोकळा एकाच कडेवर पकडतो. तिथे पातळ पुठ्ठ्याची पट्टी घालून फट भरा. व्हाइसचे बोल्ट एकेक करून नाही, तर आळीपाळीने थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत.

साध्या बाक-व्हाइसच्या पोलादी जबड्यांत बॅरल धरू नका, आणि रिसीव्हर तर मुळीच धरू नका. रिसीव्हर आतून पोकळ असतो, त्यात मॅगझीनची आणि काडतूस बाहेर पडायची खिडकी असते. मागच्या शेपटीकडून किंवा खिडकीवर धरून पिळलात, तर तो वाकतो. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण नंतर बोल्ट घासत चालू लागतो. अ‍ॅक्शन पाना लावायचाच असेल, तर तो पुढच्या पूर्ण गोल भागावर, म्हणजे नटाला लागून लावा. रिकॉइल लगला कशानेही अडकवू नका.

बहुतेक वेळा बॅरल व्हाइस आणि नटाचा पाना एवढ्यावर भागतं. अ‍ॅक्शन पाना कधी लावायचा, ते सातव्या पायरीत आहे.

## ६. दिशा, मग ठोका

आटे उजवे आहेत. बॅरलच्या तोंडासमोर उभं राहून रिसीव्हरकडे बघितलं, तर नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. मागून, म्हणजे बोल्टच्या बाजूने बघितलं तर तीच दिशा घड्याळाची होते. घोटाळा होतो तो नेमका इथे. माणूस बाकाच्या कडेला उभा असतो, रायफल आडवी असते, आणि तो दहा मिनिटं नट आवळत बसतो. म्हणून नटाजवळ बॅरलवर बाण काढून ठेवा.

पाना खाचांत पूर्ण खोलवर बसला आहे ना, ते बघा. अर्धवट बसलेले दात खाचेची कड सोलतात, आणि एकदा कड गोल झाली की तो पाना पुन्हा नीट धरत नाही. पान्याचा दांडा अशा बाजूला ठेवा की जोर खालच्या दिशेने, तुमच्या वजनाने पडेल.

प्रथम सरळ जोर लावून बघा. ५० सेंमीच्या दांड्यावर २५ किलोचा जोर म्हणजे साधारण ९० फूट-पाउंड. एवढ्यावर सुटला तर उत्तम. नाही सुटला तर लांब पाइप शोधायला जाऊ नका. एका हाताने दांड्यावर ताण ठेवा आणि दांड्याच्या टोकाजवळ दोन पौंडी हातोड्याचा चटकन, नेमका ठोका द्या. पाइपचा सावकाश वाढणारा जोर बॅरल, ठोकळे आणि बाक या सगळ्यांना पिळत जातो. ठोक्याचा धक्का आट्यांपर्यंत पोचतो आणि तिथली घट्ट बसलेली जोडी तुटते.

सुटतो तेव्हा बहुधा 'टक्' असा कोरडा आवाज येतो. पण आवाजावर विश्वास ठेवू नका. ठोकळ्यात बॅरल सरकतानाही असाच आवाज येतो. लगेच रेघ बघा.

## ७. रेघ काय सांगते

बॅरल ठोकळ्यातच फिरलं, पण नटावरची आणि बॅरलवरची रेघ अजून जुळलेली आहे: पकड कमी पडली. ठोकळे काढा, पुन्हा पुसा, राळ घाला, जास्त आवळा. जोर वाढवू नका.

नट आणि रिसीव्हर दोघे मिळून बॅरलवर फिरले: नट आणि लग यांच्यातलं घर्षण आट्यांपेक्षा जास्त आहे. रिसीव्हर नटाबरोबर ओढला जातोय आणि बॅरल आत घुसतंय. थांबा. आता अ‍ॅक्शन पाना पुढच्या कड्यावर लावा आणि नट फिरताना रिसीव्हर स्थिर धरा. इथे दुसरा माणूस लागतो.

रेघ तिन्ही ठिकाणी जशीच्या तशी: नट खरोखरच जाम आहे. पुढची पायरी.

नटावरची रेघ पुढे सरकली, बाकीच्या दोन जागच्या जागी: सुटला. नवव्या पायरीवर जा.

## ८. खरोखर जाम असेल तर

कारणं ठरलेली आहेत. आवळताना कारखान्याने जोर जास्त लावला असतो. किंवा आट्यांत लॉकटाइटसारखा चिकट द्रव असतो. किंवा मॅट फिनिशसाठी मारलेल्या वाळूचे कण आट्यांच्या कडेला अडकलेले असतात. जुन्या रायफलीत गंज असतो, स्टेनलेसमध्ये धातू धातूला चिकटलेला असतो.

तेल आधी. रायफल बॅरल वर करून उभी ठेवा आणि नटाच्या पुढच्या कडेभोवती तेलाचे थेंब सोडा, म्हणजे ते खाली आट्यांत उतरतं. काही तासांनी रायफल उलटी करा आणि नट व लग यांच्या फटीत तेल सोडा. चोवीस तास जाऊ द्या. मधून मधून पितळी हातोडीने नटाभोवती हलके ठोके मारत राहा, त्या कंपनाने तेल आत सरकतं. ठोके नटावर, लगवर नाही. तेल लावताना ते व्हाइसच्या पकडीच्या जागेवर ओघळू देऊ नका, नाहीतर पाचवी पायरी पुन्हा करावी लागते.

तेलाने नाही झालं, तर उष्णता. त्याआधी सगळं तेल आणि अ‍ॅसिटोन पुसून, वाळवून घ्या. ही सगळी द्रव्यं पेट घेतात. दार उघडं ठेवा.

हीट गन नटावर रोखा, रिसीव्हरवर नाही. हेतू काय ते लक्षात घ्या: नट तापून फुगला पाहिजे आणि आतलं बॅरल त्या मानाने थंड राहिलं पाहिजे. २७ मिमी व्यासाचा पोलादी नट बॅरलपेक्षा १५० अंश सेल्सिअसने जास्त तापला, तर व्यासात जेमतेम ०.०५ मिमी फरक पडतो. तेवढा पुरतो. पण सावकाश तापवलंत तर बॅरलही तेवढंच तापतं आणि फरक शून्य होतो. म्हणून जोरात तापवा आणि लगेच पाना लावा. पाना आधीच हाताशी हवा.

लॉकटाइट असेल तर गणित उलट होतं. तिथे आट्यांतला थर मऊ व्हायला हवा, म्हणून आतपर्यंत उष्णता पोचू द्यावी लागते. निळा प्रकार साध्या हत्यारांनीच सुटतो. लाल प्रकाराला मात्र २५० अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि तो गरम असतानाच फिरवावा लागतो. थंड झाला की परत धरतो.

वरची मर्यादा तीच. पोलादावर फिकट पिवळी छटा साधारण २०० अंशांच्या पुढे दिसू लागते, निळी ३०० अंशांजवळ. निळी छटा रिसीव्हरवर दिसणं म्हणजे तुम्ही हद्द ओलांडलीत. बोल्टचे लग (बोल्ट बंद करून धरणारे दात, रिकॉइल लग वेगळी) रिसीव्हरच्या पुढच्या भागातच, आट्यांच्या लगेच मागे अडकतात आणि गोळी सुटताना सगळा दाब तिथे येतो. त्या भागाच्या कडकपणाशी खेळायचं नाही. रिसीव्हरभोवती ओलं फडकं गुंडाळा. रिसीव्हरच्या उघड्या पोलादावर तापमानाच्या खडूची रेघ ओढून ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पोलादावर खरं तापमान दाखवत नाही, नेहमी कमी दाखवतो, म्हणून खडूच बरा. गॅसची टॉर्च मी सुचवणार नाही. हातात असेल आणि सवय असेल तर ठीक, पण नवख्याच्या हातात ती अर्ध्या मिनिटात रंग काढते.

नट गरम असताना त्याच्या कडेला मेणबत्तीचं टोक टेकवलं, तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. जुन्या यंत्रकारागिरांची ही युक्ती इथेही चालते. हीट गन बंद केल्यावरच.

तापवणं, ठोका, थंड होऊ देणं, तेल. हे चक्र दोन-तीनदा करून बघा. तरीही ढिम्म असेल, तर नट कापा. जुनं बॅरल फेकायचंच असेल, तर खरं म्हणजे एवढी वाट बघायचीही गरज नाही.

कापण्यासाठी चेंबर आणि बॅरलचं तोंड चिंधीने बंद करा, रिसीव्हर आणि लग जाड टेपने झाका. ड्रेमेलच्या (हातात धरायच्या छोट्या फिरत्या हत्याराच्या) कापणाऱ्या चकतीने नटाच्या एका उभ्या खाचेत, जिथे भिंत सर्वांत पातळ आहे तिथे, पुढून मागे काप घ्या. लगपासून एखादा मिलिमीटर अलीकडे थांबा. जुनं बॅरल ठेवायचं असेल, तर आट्यांचं टोक दिसू लागताच हात आवरा. मग त्या कापात छिन्नी ठेवून एक बेताचा ठोका द्या. नटाला तडा जातो, त्याची पकड सुटते आणि तो हाताने फिरतो. अगदीच हट्टी असेल तर समोरच्या बाजूलाही तसाच काप. चष्मा लावल्याशिवाय चकती सुरू करू नका, ती चकती तुटते तेव्हा तिचे तुकडे सरळ चेहऱ्याकडे येतात.

## ९. सुटल्यावर

नट अर्धा-एक फेरा सैल करा, बस. मग बॅरल हाताने घड्याळाच्या उलट फिरवत रिसीव्हरमधून काढा. अडकल्यासारखं वाटलं तर ओढाताण नको. थोडं आत, थोडं बाहेर, मध्ये तेल. कचकच जाणवत असेल तर ते वाळूचे कण आहेत.

रिकॉइल लग कुठल्या बाजूने बसली होती, ते फोटो काढून ठेवा. रिसीव्हरचे आटे पितळी ब्रशने आणि अ‍ॅसिटोनने स्वच्छ करा. आट्यांची टोकं लोळलेली, चकाकणारी दिसली, तर तिथे धातू सोलला गेला आहे. एखादा आटा असेल तर बारीक कानशीने साफ करता येतो. दोन-तीन आटे गेले असतील, तर रायफल बंदूक-कारागिराकडे द्या.

## १०. पुन्हा जोडणं आणि हेडस्पेस

इथे कंटाळा केलात तर जिवावर बेतेल. बॅरल-नटाच्या रायफलीत हेडस्पेस तुमच्या हाताने ठरतो, कारखान्याच्या नाही.

आट्यांना अँटी-सीझचा पातळ हात द्या, स्टेनलेसला तर हमखास. बॅरलवर नट पुढपर्यंत चढवा, मग लग घाला आणि बॅरल रिसीव्हरमध्ये थोडं फिरवा. बोल्टमधून फायरिंग पिनची जोडणी काढून ठेवा, म्हणजे बोटाला खरा स्पर्श कळतो. इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) गेजला तिरकं ढकलतो, तोही काढा. गो गेज बोल्टच्या तोंडाला, एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळी ओढून काढणारा आकडा) अडकवा आणि बोल्ट बंद करा. आता बॅरल हाताने आत फिरवा, ते गेजला टेकेपर्यंत. जोर नको, टेकणं पुरे.

बॅरल तसंच धरून नट लगवर आणा. लग सरळ खाली आहे ना, ते बघा. मग टॉर्क पान्याने ३० ते ४० फूट-पाउंड. नटाच्या पान्याला टॉर्क पाना काटकोनात लावला, तर आकडा जसाच्या तसा राहतो. सरळ रेषेत पुढे लावला, तर दाखवतो त्यापेक्षा जास्त आवळला जातो.

आवळल्यावर पुन्हा तपासा. नट बॅरलला पुढे ओढतो, आट्यांतली ढिलाई निघून जाते आणि हेडस्पेस किंचित वाढतो. उलट, आवळताना बॅरल नटाबरोबर फिरलं, तर कमी होतो. बोल्ट गो गेजवर अलगद बंद झाला पाहिजे. नो-गोवर बंद होता कामा नये.

ही जागा किती अरुंद आहे बघा. .३०८ विंचेस्टरचा गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४. फरक चार हजारांश इंच. इंचाला २० आटे म्हणजे एका फेऱ्यात बॅरल ०.०५० इंच सरकतं. चार हजारांश म्हणजे जेमतेम २९ अंश, घड्याळाच्या काट्यावर पाच मिनिटांपेक्षाही कमी. अंदाजाने किंवा जुन्या काडतुसाच्या पुंगळीवर जुळवायची ही गोष्ट नाही. काहीजण नो-गोऐवजी गो गेजच्या मागे चिकटपट्टीचा एक थर लावतात. थर साधारण दोन हजारांशाचा असतो आणि अनुभवी हाताला तो चालतो. पहिल्या वेळी दोन्ही गेज विकत घ्या.

नवीन बॅरल दुसऱ्या काडतुसाचं असेल, तर बोल्टचं तोंड आणि मॅगझीनही त्या मापाचं आहे ना, ते गेज लावायच्या आधी बघा.

## ११. पहिल्या गोळ्या

काढलेले सगळे भाग परत बसवा, मग रायफल रेंजवर टेकूत पक्की ठेवा. ट्रिगरला दोरी बांधून बाजूला, मागे उभं राहून पहिली गोळी झाडा. कारखान्यात भरलेलं काडतूस वापरा, घरी भरलेलं नको. रिकामी पुंगळी उचलून नीट बघा. बुडाच्या किंचित वर चकाकती कडी उमटली असेल, तर पितळ तिथे ताणलं गेलं आहे. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बुडातून बाहेर डोकावत असेल तर हेडस्पेस जास्त आहे. बोल्ट उघडायला जड गेला, तर तेही लिहून ठेवा.

कडी दिसते की नाही अशी शंका आली, तर कागदाची पिन सरळ करा, तिचं टोक थोडं वाकवा आणि पुंगळीच्या आत बुडापासून वर फिरवत आणा. आतून खाच लागली तर टोक तिथे अडकतं. अडकलं, तर दुसरी गोळी भरू नका. रायफल घरी आणून गेज पुन्हा लावा.